सबनीस सरांचं अर्धं व्याख्यान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या दिवशी सबनीस सरांचं नेटवर्क गेलं नव्हतं. सभा मी बंद केली होती.

सबनीस सर म्हणजे इथल्या, आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनच्या आमच्या शेजारणीचे, डॉक्टर मेधाचे वडील. साताऱ्याला इतिहास शिकवून निवृत्त झालेले. २०२०च्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी लेकीकडे आले आणि कोविडमुळे दीड वर्ष राहिले. त्यांच्यापुढे ठाम विधान करायची सोय नव्हती. "कुठलं शहर? कुठलं शतक?" हे यायचंच. जिन्यात मी एकदा म्हणालो, "सर, इथे पाऊस फार." तर म्हणाले, "कुठल्या गावात? किती वर्षं मोजलात?" बायकोने आमटी कशी झाली विचारलं, तर "मागच्या मंगळवारच्या मानाने बरी." आमच्या लेकीला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत. ती एकदा वैतागून म्हणाली, "आजोबा, विच सेंच्युरी आर यू फ्रॉम?" सर खूश. "या इमारतीत नीट प्रश्न विचारणारी ही एकटीच!"

आयुष्यभराचा विषय एकच: जुन्या मुसलमानी राजवटींत इतर धर्मांचे लोक कसे राहत. "सुखात होते" म्हणणारा आणि "नुसता छळ होता" म्हणणारा, दोघेही त्यांच्या लेखी नापास. "अहो, हजार वर्षं, आणि मुलूख स्पेनपासून विजापूरपर्यंत. एका ओळीत उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य द्यायचो."

दर रविवारी सकाळी ते बाल्कनीतून साताऱ्याला फोन लावत. पलीकडे अन्वर मुजावर, त्यांच्याच शाळेत उर्दू शिकवलेले, फारसी जाणणारे. "गाढवा, ते फर्मान कैरोचं, बगदादचं नव्हे!" असं अर्धा तास चाले. समोरच्या आयरिश म्हाताऱ्याला वाटे, यांच्या घरात जमिनीचा वाद आहे.

मी मराठी मंडळाचा सेक्रेटरी. लॉकडाऊनमध्ये सरांचं ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. पहिल्या भागात जिझिया, वेगळ्या रंगाचे कपडे, घोड्यावर बसायची मनाई, नवी प्रार्थनास्थळं बांधायला बंदी. प्रत्येक वेळी शहर आणि शतक सांगून. पण ते कोण ऐकतंय? चॅटमध्ये एकाने लिहिलं, "एकदम करेक्ट, हेच सांगायला हवं." दुसऱ्याने, "हे मंडळ आहे की आखाडा?" मग दोघे एकमेकांच्या गावावर आले. मला भांडणाची भीती वाटते, लहानपणापासून. सर म्हणाले, "आता दुसरा भाग." मी बटण दाबलं. ग्रुपवर लिहिलं, "सरांचं नेटवर्क गेलं. क्षमस्व."

सर कागदात नाक खुपसून वाचत होते. त्यांना कळलंच नाही. मेधा हॉस्पिटलात. भिंतीपलीकडून पाऊण तास मला एकट्याला ऐकू येत होतं: राजवैद्य झालेले ख्रिस्ती, दरबारातले ज्यू, कागदावर कडक आणि गावात कुणी न पाळलेले नियम. मध्येच ते स्वतःच्याच विनोदावर हसले.

सकाळी जिन्यात भेटले. "सगळे न बोलताच गेले हो. दुसरा भाग पोचला ना?"

"पोचला, सर."

"तो अन्वरचा. फारसी सगळं त्याने वाचून दिलं, मी नुसतं मराठीत आणलं. त्याचं नाव घेताना माझा आवाज बसला. कुणाच्या लक्षात नाही ना आलं?"

"नाही, सर."

कुणीतरी पहिला भाग रेकॉर्ड केला होता. "संपूर्ण व्याख्यान" असं लिहून तो फिरला. आठवड्यात साताऱ्याला पोचला असणार, कारण रविवारी अन्वर सरांनी फोन उचलला नाही. आपला भाग गाळला, असंच त्यांना वाटलं असेल.

"झोपला असेल," सर म्हणाले. पुढच्या रविवारी, "त्याला कमी ऐकू येतं हल्ली." त्यानंतरच्या रविवारी फोन लावलाच नाही. बाल्कनीत बसून अन्वरच्या वाटणीचं भांडणही तेच हळू आवाजात करत होते. मी पडदा ओढून घेतला.

२०२१च्या उन्हाळ्यात ते परत गेले. मेधा म्हणते, दोघं दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतात. अन्वरकाका आता दारातूनच बोलतात, आणि बाबांना कारण विचारायचा धीर होत नाही.

दुसरा भाग सरांनी गाळला नाही, मी कापला. एवढं एक वाक्य मी त्या दोघांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.