बिराजदारांची चादर

बिराजदारांना तुम्ही नुसतं "काय चाललंय?" असं विचारून बघा. उत्तर मिळायचं नाही. शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद निघेल, मागोमाग पेन, आणि मग म्हणतील, "आधी सही, मग गोष्ट." कागद असतो गोपनीयता कराराचा. ते जी कल्पना सांगतील ती ऐकणाऱ्यानं कुणाला सांगायची नाही, तिची नक्कल करायची नाही. एक कलम तर त्यांनी स्वतःच्या डोक्यानं घातलंय, ती झोपेतसुद्धा बडबडायची नाही.

मी म्हटलं, "अहो, झोपेत बोलल्याचा साक्षीदार कुठून आणणार?"

"म्हणूनच वहिनी, तुमच्या ह्यांची सही आधीच घेऊन ठेवलीय."

घ्या! म्हणजे आमच्या ह्यांना सगळं ठाऊक होतं आणि दोन महिने ताटावर बसून हा माणूस माझ्याशी नुसता कांद्याच्या भावावर बोलत होता. इतर वेळी ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी भोसरीत एमआयडीसीतल्या एका गल्लीत खानावळ चालवते. बिराजदार लातूरकडचे, एकटे. समोर त्यांचं छोटं शेड आहे, दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवतात. जेवता जेवता सल्ले देतात ते वेगळे. एकदा म्हणाले, "वहिनी, तुमच्या आमटीचा मसाला ही कल्पनाच झाली की ओ. पोळ्या लाटणाऱ्या बायांच्या सह्या घेऊन ठेवा, उद्या शेजारी दुकान टाकतील." मी म्हटलं, "तुम्ही आधी मुकाट्यानं जेवा."

त्यांच्या शेडात कोपऱ्यात एक वस्तू कायम चादरीखाली झाकलेली असायची. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशिनं धुऊन-पुसून झेंडू घालतात, नारळ फोडतात, एकमेकांच्या शेडात पेढे खायला जातात. बिराजदार त्या दिवशीही चादर काढायचे नाहीत. हळद-कुंकू चादरीला, हार चादरीला, उदबत्ती चादरीला. पोरं विचारायची, "काका, आत पीर आहे का?" सगळी गल्ली हसायची. मीही हसले आहे.

शेवटी राहवेना म्हणून मी सही केली. त्यांनी शेडाचं दार आतून लावलं आणि चादर उचलली. आत एक लोखंडी जाळी होती, प्रेस मशीनला बसवायची. प्रेसवर पत्रा ठेवायचा, पाय मारायचा, वरून ठोकळा आदळतो. हात काढायला जरा उशीर झाला की बोट गेलंच. ह्या जाळीची गंमत अशी, की पाय मारला की आधी ती खाली येते. आत हात असला तर ती हातावर अडते, आणि जाळी अडली की ठोकळा हलत नाही.

मी ताटं वाढते, मला हात दिसतात. कुणाला करंगळी नाही, कुणाचा अंगठा अर्धा. नावं विसरते मी, पण हात ओळखते.

"मग लावा की प्रेसला! वाट कसली बघताय?"

"जगतापशेठकडं गेलतो." जगतापशेठचं शेड शेजारीच, तिथं तीन प्रेस आहेत. "म्हणाले, तुझ्या कागदावर मी सही करू? हो बाजूला. मोठ्या कंपन्या तर बाहेरच्याच्या कागदाला हातच लावत नाहीत."

"मग बिनसहीचं दाखवा."

तेव्हा त्यांनी ती जुनी गोष्ट सांगितली. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी साहेबाला एक युक्ती सांगितली होती, तोंडी. साहेबानं चहा पाजला. पुढं माल द्यायला गेले तर तीच युक्ती मशीनवर बसवलेली आणि वर बोर्डावर साहेबाचं नाव. "पैशाचं जाऊ द्या वहिनी. एका कोपऱ्यात माझं नाव घातलं असतं, तर काय शाई संपली असती?"

लहान माणसाकडे कल्पनेशिवाय असतं काय! तिला त्यानं कुलूप लावलं तर त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

पण श्रावणात रफिकची बोटं गेली, तोही माझ्याकडेच जेवायचा. जगतापशेठच्याच प्रेसवर, उजव्या हाताची, अंगठा आणि शेजारची दोन. ती जाळी आणि त्याच्यामध्ये फक्त एक भिंत होती. मला जगतापचा राग आला आणि खरं सांगते, बिराजदारांचाही आला.

महिन्याभरानं रफिक जेवायला आला. डाव्या हातानं भाकरी मोडायला बघत होता, ती ताटभर फिरत होती. समोर बिराजदार बसले होते. रफिक त्यांच्याकडे बघून हसला, चेष्टेनंच म्हणाला, "चाचा, आता तरी सांगा की चादरीत काय आहे ते. आता तर मला सहीपण करता येत नाही."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत! बिराजदारांनी त्याची भाकरी जवळ ओढली, बारीक कुस्करून आमटीत घातली, ताट त्याच्यापुढं सरकवलं आणि स्वतःचं जेवण तसंच टाकून उठून गेले.

त्या खंडेनवमीला त्यांनी शेडाची दोन्ही दारं उघडी टाकली आणि चादर ओढून काढली. "या. फोटो काढा, मापं घ्या. सही नको कुणाची." जगतापशेठ मागं उभे होते, ते पुढं आले. जाळीवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्या मशीनला बसंल का हो?"

"बसंल," बिराजदार म्हणाले. दिवाळीच्या आत तिन्ही प्रेसना त्यांनीच बसवून दिली. मग पुढच्या गल्लीनं नक्कल केली, मग त्याच्या पुढच्या.

परवा सकाळी ते माझ्याकडे चहा घेत होते. मी भाकरीचं पीठ मळत होते. समोर जगतापशेठच्या शेडात रफिक आता नव्या पोरांना काम शिकवतो, त्याचा आवाज आला, "अबे थांब! बिराजदार लावलास का? बिराजदार खाली आल्याशिवाय हात घालायचा नाही!"

त्या जाळीला गल्लीत सगळे बिराजदारच म्हणतात. खुद्द बिराजदारांच्या कानावर ते तेव्हा पहिल्यांदा पडलं असावं. ग्लास खाली ठेवला, तोंड फिरवलं, पण माझ्याकडून बघायचं ते बघून झालं होतं. किती दिवसांनी कुणी त्यांचं नाव असं मोठ्यानं घेतलं असेल, देवाला माहीत. माझेही डोळे भरून आले.

मग त्यांचा हात खिशात गेला. तोच कागद, चार घड्यांचा.

"वहिनी, आत्ता जे बघितलंत ते..."

"आणा इकडं," मी म्हटलं आणि पिठाच्या हातानंच सही केली. आमच्या ह्यांना अजून बोललेले नाही.