आधी साहेब, मग भाव

हिंगोली जिल्ह्यातल्या एका हळद उत्पादक संघाचं संकेतस्थळ उघडायला फार वेळ लागे. संघाचा बाकीचा कारभारही वेळ घेऊनच चालत असल्यामुळे या तक्रारीची वेगळी दखल घ्यावी, असं कुणाला वाटत नव्हतं.

संकेतस्थळ सांभाळण्याचं काम कार्यालयातल्या शिवकन्येकडे होतं. कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेली ती संघातली एकटीच, त्यामुळे चार्जर बिघडला तरी तिलाच हाक जाई. दुखणं कुठं आहे, हे तिला ठाऊक होतं. पानाच्या अगदी वर अध्यक्ष विश्वंभरराव यांचा फोटो होता आणि त्याखाली हळदीचा आजचा भाव. फोटो लेकीच्या लग्नातला, नांदेडच्या फोटोग्राफरनं भारी कॅमेऱ्यानं काढलेला. शिरड शहापूरकडं रेंज कमी. तिथं फोनवर आधी फेटा उतरे, मग कपाळ, मग भुवया. भाव मिशीच्या खाली होता. मिशी येईपर्यंत बाजाराची जीप निघून गेलेली असे.

शिवकन्येनं फोटो दाबून हलका करणारं प्लगिन, म्हणजे संकेतस्थळाला जोडायचं एक तयार साधन, बसवलं. पान झटक्यात उघडू लागलं. तिला समाधान वाटलं आणि ते दुपारपर्यंत टिकलं. दुपारी विश्वंभरराव फोन हातात धरूनच आत आले.

"शिवकन्या, मिशी काहून पुसट दिसून राहिली?"

"साहेब, वजन कमी केलं. पान लवकर उघडतं आता."

"वजन कोणाचं?"

"फोटोचं."

"आन् फोटो कोणाचा?"

पुढच्या बैठकीत ‘मा. अध्यक्षांचे वजन परस्पर कमी केल्याबाबत’ हा विषय पहिलाच होता. बरीच चर्चा होऊन असं ठरलं, की फोटोचं वजन यापुढं हुद्द्याप्रमाणे राहील: अध्यक्षांचं पूर्ण, उपाध्यक्षांचं पाऊण, संचालकांचं निम्मं. उपाध्यक्ष भुजंगराव यांचा फोटो तोवर संकेतस्थळावर नव्हताच. पण पाऊण वजन मंजूर झालं आहे तर ते वापरलं गेलं पाहिजे, अन्यथा ठरावाचा अवमान होईल, असं त्यांनी निदर्शनास आणलं. मग सगळ्यांचेच फोटो आले. एक संचालक ट्रॅक्टरवर बसलेले होते. दुसऱ्यांनी दिवंगत वडिलांसह फोटो पाठवला, कारण संचालकपद मूळ वडिलांचं होतं.

आता संकेतस्थळ शिरड शहापुरात उघडेनाच. कळमनुरीत उघडे, पण गच्चीवर जावं लागे.

शिवकन्येनं दुसरा उपाय काढला. पान एकदा तयार करून साठवून ठेवणारं प्लगिन. त्या साठ्याला कॅश म्हणतात. बैठकीत तिनं सोपं करून सांगितलं, "भाकरी आधीच करून टोपल्यात ठेवायची. आला माणूस की वाढायची. दर वेळी पीठ मळत बसायचं न्हाई."

"म्हंजे शिळी वाढायची?" भुजंगरावांनी विचारलं.

"नवी केली की जुनी आपोआप निघते, साहेब."

पान शिरड शहापुरातही उघडू लागलं, पण जुनी भाकरी काही निघाली नाही. प्लगिननं एवढे फोटो पुन्हा मांडायचे कष्ट पाहून सगळं पान घट्ट धरून ठेवलं, आणि पानाबरोबर भावही. बाजारात हळद घसरत गेली. संकेतस्थळावर ती ताठ उभी होती. त्या भावावर विसंबून शिरड शहापूरच्या अनुसयाबाई जीपमध्ये पोती घालून आल्या, पडत्या भावात हळद घालून बसल्या आणि तशाच कार्यालयात आल्या. फोन त्यांनी टेबलावर ठेवला.

"बाई, ह्ये तुमीच लिवलं व्हय?"

"व्हय मावशी. पण जुनं हाय ते."

"जुनं हाय तर आज काहून दाखवून राहिले?"

शिवकन्येला त्यांच्याकडं पाहवेना. त्या गेल्यावर तिनं तडक कॅश साफ केली. खरा भाव दिसू लागला आणि फोन सुरू झाले. काल एवढा होता, आज संघानं पाडला काहून? विश्वंभररावांनाही ते पटलं. चांगला चाललेला भाव या पोरीनं खाली आणला होता. तिला नोटीस निघाली: ‘आपण संघाची कॅश कोणाच्याही परवानगीविना साफ केली. लेखी खुलासा करावा.’ एक प्रत फलकावर लागली.

कॅश साफ झाल्याची बातमी तिच्या गावी जायला रेंज लागली नाही. वडील ग्यानबा मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून आले आणि कार्यालयाच्या पायरीवर बसले.

"पोरी, मेंढरं इकू. पण जे घेतलं ते भरून दे."

"बाबा, पैसे न्हाईत ते. फोनातलं जुनं साठलेलं असतं, ते पुसलं मी."

ग्यानबांनी विचार केला. "जुनंच पुसलं, तर एवढे चिडले काहून?"

संघाबद्दल इतका नेमका प्रश्न आजवर वार्षिक सभेतही आला नव्हता. शिवकन्येनं त्यांना चहा पाजला, जीपमध्ये बसवून दिलं आणि खुलासा लिहायला घेतला. त्यात तिनं सुचवलं, की मान्यवरांच्या फोटोंसाठी स्वतंत्र पान असावं, म्हणजे भावाचा मजकूर मध्ये येऊन त्यांच्या दर्शनात अडथळा येणार नाही. सूचना एकमतानं मंजूर झाली. नोटीसही मागे घेतली गेली. फलकावरची प्रत काढण्याचा मात्र ठराव झाला नाही.

भावाचं पान मोकळं झालं. पांढऱ्यावर काळी एक ओळ, फोटो नाही, प्लगिन नाही. नखभर रेंजवरही ते उघडे. शिवकन्या रोज सकाळी बाजारात फोन लावून खरा भाव टाकू लागली. आणि लोक येऊन विचारू लागले, की संकेतस्थळ बंद पडलं का. शेवटी अनुसयाबाईंचाच फोन आला.

"भाव बराबर हाय बाई. पण साहेबाचा फोटो न्हाई. कोण्या भलत्यानंच लिवलं असंल तर?"

"मावशी, त्या फोटोपायीच तर तुमाला तकलीफ झाली."

"झाली. पण माणूस दिसत होता ना. कोणाचाबी लाव."

विश्वंभररावांचा लावला तर पूर्ण वजनानं लावावा लागला असता. शिवकन्येनं इंटरनेटवरच्या फुकट फोटोंतून एक उचलला. निळा कोट, टाय, हाताची घडी, हसरा चेहरा. वजनाला पिसासारखा. त्या दिवसापासून भाव सगळ्यांना पटला. पडला तरी पटला. तक्रारी थांबल्या. साहेबानं पाहूनच टाकला असंल, असं लोक म्हणत.

हे साहेब भेटतात कधी, असं कुणी विचारलं की भुजंगराव आवाज खाली आणून सांगत, "ते वरचे हायेत. फिरतीवर असतेत." एकदा विश्वंभररावांनी दार लोटून घेतलं आणि शिवकन्येला विचारलं, "हे आपल्या जिल्ह्यातले का मुंबईचे?"

"मला बी न्हाई माहीत, साहेब," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. तरी वार्षिक सभेत मधली खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवली गेली आणि ते कामात असल्यामुळे येऊ शकले नाहीत, असं जाहीर झालं. टाळ्या झाल्या.

पुढं शिवकन्येला ते साहेब जागोजागी दिसू लागले. कळमनुरीच्या चौकात इंग्रजीच्या क्लासच्या फलकावर, विम्याच्या पत्रकावर, गुडघेदुखीच्या तेलाच्या खोक्यावर. तोच टाय, तीच हाताची घडी. तुमच्याही घरात ते कुठल्या ना कुठल्या खोक्यावर असतील. खोकं घेताना तुम्ही किंमत पाहिली असेल, तारीखही पाहिली असेल. त्यांचं नाव मात्र विचारलेलं नसणार.