चार पदरी चादर

आमच्या वरच्या मजल्यावरचे अंबादासमामा चपातीसुद्धा उजेडाकडे धरून बघतात. ताटात पडली की उचलायची, खिडकीकडे धरायची, दोन्ही बाजू न्याहाळायच्या आणि मग म्हणायचं, "पास." पहिल्यांदा माझ्याकडे जेवायला आले तेव्हा असा राग आला म्हणून सांगू! तीस वर्षं चपात्या लाटतेय मी. नंतर कळलं, दोष माणसाचा नाही, नोकरीचा आहे. मामा इथं सोलापुरात चादरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षं चेकर होते. चादर उजेडासमोर धरायची, तुटलेला धागा शोधायचा, आणि पास नाहीतर रिजेक्ट. नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही.

"रिजेक्ट म्हंजे टाकून द्यायचं न्हवं वैनी," ते मला समजावतात. "रिजेक्ट म्हंजे परत एकदा बघायचं."

भवानी पेठेतली भाजीवाली मामांना लांबून बघितलं की वांग्यांवर पोतं टाकते. लेकीसाठी आलेली तीन स्थळं त्यांनी नापास केली. त्यातलं एक तर नवऱ्या मुलाच्या शर्टाची शिवण उसवलेली होती एवढ्यावरून. लावण्या ही त्यांची एकुलती एक. आई गेली तेव्हा ती सहावीत होती. तिच्या वेण्या मामाच घालायचे, आणि दोन्ही सारख्या आल्या नाहीत की सोडून पुन्हा घालायचे. पोरगी रोज शाळेत उशिरा!

पुढं लावण्या नर्स झाली, जर्मन भाषा शिकली आणि तिकडं जर्मनीत एका दवाखान्यात नोकरी मिळवली. झालं, मामांनी जर्मनीच चेक करायला घेतली.

तिच्यासाठी स्वेटर आणला, तो ऐन मे महिन्यात. सोलापूरच्या उन्हात स्वेटर कसा तपासणार? पण मामा ऐकतात होय! सांगोल्याला ओळखीच्या माणसाच्या डाळिंबाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो लेकीचा स्वेटर अंगात कोंबून अर्धा तास बसून आले. संध्याकाळी दारात उभे, दात वाजतायत.

"स्वेटर पास," म्हणाले. "मी रिजेक्ट." आणि चार दिवस तापानं अंथरुणात.

बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा त्यातून पुस्तकं निघाली, चपला निघाल्या, पण लोखंडी खलबत्ता काही निघाला नाही. शेंगाचटणी मिक्सरमध्ये केली की तेल सुटत नाही, म्हणून मिक्सर रिजेक्ट. "पप्पा, तिथले लोक काय म्हणतील?" लावण्या म्हणाली. "काय म्हणतील? वास लई भारी हाय म्हणतील की!" दोन चादरी मात्र त्यांनी स्वतः निवडून, उजेडाला धरून, घडी घालून दिल्या.

पोरगी गेली. पहिले काही दिवस रोज फोन. वरच्या खोलीत रेंज नाही, म्हणून मामा माझ्या शिलाई मशीनशेजारी येऊन बसायचे. सोलापुरातल्या पुष्कळ विणकर घरांसारखं बापलेकीचं बोलणं तेलुगूत, पण इतक्या वर्षांत मलाही कळायला लागलंय. रविवारी तिकडं सगळी दुकानं बंद असतात म्हणे. पाव दगडासारखा. त्यावर मामा म्हणाले, "कडक भाकरी खाल्लेली पोरगी तू, पावाला काय भितीस?"

तिसऱ्या रविवारी मात्र लावण्या स्क्रीनवर आली तीच रडत. सकाळी चटणी कुटायला बसली होती. तिच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी तणतणत वर आली आणि बोट नाचवून काय काय बोलली. रविवारी घरात ठोकाठोक करायची नसते तिथं. "मला निम्मं कळलंच नाही पप्पा. इथं माझं कुणीच नाही. मला नाही राहायचं. मी परत येते."

मी शिवायचं थांबवून मामांकडं बघितलं. तीन आठवडे हा माणूस आमटीत मीठ विसरत होता. नुसतं 'ये' म्हणायचा अवकाश होता, पुढच्या महिन्यात पोरगी घरात असती. मामांचे ओठ हललेसुद्धा. पण म्हणाले काय, "फोन ठेव. अर्ध्या तासानं करतो."

मग माझ्याकडं वळले. "वैनी, तुमी हितंच बसा. हलू नका."

वर गेले. डोक्यावर घरातल्या दुसऱ्या, जुन्या खलबत्त्याचं धाड धाड सुरू झालं. छताचा चुना गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर!

"येतंय का ऐकू?" जिन्यातून आवाज.

"येतंय की! बहिरी आहे का मी?"

"आता चादर घातली खाली. आता?"

"येतंय!"

"दोन पदरी?"

"येतंय!"

तीन पदरीला जरा कमी झालं. नंतर बराच वेळ काहीच नाही. मी म्हटलं, थांबले वाटतं. तर मामा घामानं निथळत खाली आले. कुटतच होते.

लगेच फोन लावला. "चादर चार पदरी घाल. चार म्हंजे चार. आणि रविवारी न्हाय कुटायचं. चटणी झाली की पहिली वाटी त्या म्हातारीला नेऊन दे."

"आणि परत यायचं?"

मामांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "आधी चटणी तर कूट. मग बघू."

चटणी झाली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणे, पण वाटी तिनं चाटूनपुसून परत केली, आणि दुसऱ्या दिवशी केकचा तुकडा आणून दिला. मग लावण्या रमली. ड्युट्या वाढल्या. रोजचा फोन दिवसाआड झाला, मग फक्त रविवारी. मामांचं खाली येणंही तेवढंच उरलं.

परवा मंगळवारी पुन्हा डोक्यावर धाड धाड. पुन्हा चुना, तोही रेशमी ब्लाउजवर. मी तरातरा वर गेले. मामा खलबत्ता घेऊन फरशीवर बसलेले, आणि चादर शेजारी घडी घालून ठेवलेली.

"मामा! चादर काय पूजेला ठेवली का? खाली घालायची ना!"

मामा खलबत्त्यात बघत राहिले. "घातल्यावर तुमाला ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "ऐकू आलं की तुमी वर येता."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिथंच फरशीवर बसले. मामांनी चिमूटभर चटणी माझ्या तळहातावर ठेवली. "बघा. पास का?"

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस दुसऱ्याला विचारत होता. चटणी एक नंबर झाली होती, तेल कसं मस्त सुटलेलं. मी तळहात खिडकीकडं धरला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"रिजेक्ट," मी म्हटलं. "उद्या परत कुटा. मी येते बघायला."