बेकरच्या ओढ्यावरचा पूल

एमेट डूलिंग यांची गाडी बर्फात रुतली, तेव्हा ते पोर्ट क्लेमेंट शहराचे महापौर राहिले नव्हते आणि राज्याचे गव्हर्नर अजून झाले नव्हते. महापौरपदाचा राजीनामा त्यांनी आदल्या दिवशी केक कापून दिला होता. गव्हर्नरपदाची शपथ त्या दिवशी दुपारी बाराला, तासाभरावरच्या राजधानीत घ्यायची होती. मधल्या काळात ते कोणीच नव्हते. पण हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

गाडी बायको चालवत होती, कारण एमेटना भाषण पाठ करायचं होतं.

"लोरेटा, थांबलीस का?"

"थांबले नाही, रुतले. तूच म्हणालास ना, चल, निघेल गाडी?"

एमेटनी काच खाली केली. मागचा रस्ता धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ, पुढचाही स्वच्छ. मांडीएवढा बर्फ होता तो फक्त या पुलावर. आणि तो तिथे का आहे, हे त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

बेकरच्या ओढ्यावरचा हा पूल जेमतेम दोन घरांच्या लांबीचा. एका टोकाला शहर संपतं, दुसऱ्या टोकाला राज्याचा हमरस्ता सुरू होतो. पूल कुणाचा, यावर महापौर डूलिंग वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. आपल्याकडे महापौर पडतो तो बर्फापायी. गल्ली साफ झाली नाही की लोक त्याला घरी बसवतात. म्हणून एमेटनी शहर चकचकीत ठेवलं आणि पूल राज्याच्या गळ्यात मारायचा चंग बांधला. त्यांच्याच आग्रहावरून कोर्टानं ठरवून दिलं, की जो या पुलावरचा बर्फ काढेल त्यानं पूल आपला मानला असं धरलं जाईल. झालं! त्या दिवसापासून पुलाला कोणी फावडं लावलं नाही. हिवाळाभर लोक वळसा घालून जायचे. आज नेमका वळशाच्या रस्त्यावर ट्रक उलटला होता.

"पूल आमचा नाही!" ही एमेटची घोषणा मात्र लोकांना भलतीच आवडली. काहीतरी करून निवडून आलेले पुढारी पुष्कळ असतील, काही न करण्याच्या जोरावर गव्हर्नर झालेले एमेट एकटेच.

मागच्या टोकाला शहराची बर्फगाडी, पुढे बर्फ लोटायचं लोखंडी पातं लावलेली, येऊन उभी राहिली. ड्रायव्हर ओटिसनं हात केला.

"गुड मॉर्निंग साहेब! काय म्हणताय?"

"म्हणतो काय? ये पुढे, मोकळं कर मला!"

"छे छे! पातं पुलावर टेकलं तर नोकरी जाईल, तुम्हीच दम दिला होतात."

"आता मीच सांगतोय ना, ये म्हणून!"

"तुम्ही कोण सांगणार, साहेब? तुम्ही तर काल राजीनामा दिलात. केक खाल्ला की आम्ही."

एमेट वळले. समोरच्या टोकाला राज्याची बर्फगाडी होती आणि तिच्या खिडकीत कोपर टेकून ग्लेंडा नावाची धिप्पाड बाई कॉफी पीत होती.

"बाई, मी दुपारी तुमचा गव्हर्नर होणार आहे!"

"मग दुपारी बोलू की."

एमेटच्या तोंडचं पाणी पळालं. बारापर्यंत पोचलं नाही तर कायद्यानं जुना गव्हर्नर पेनरोजच खुर्चीवर राहणार होता, आणि ज्याला पाडायला उभं आयुष्य घालवलं तो पेनरोज एक तास जरी जास्त बसला तरी त्याचं वर्षभर कौतुक सांगत फिरला असता. एमेटनी आधी नव्या महापौरांना फोन लावला. क्लिफर्ड बीम, त्यांचाच जुना सहायक, त्यांनीच घडवलेला.

"क्लिफर्ड, बाळा, ओटिसला दोन मिनिटं पुलावर यायला सांग."

"साहेब, समोर पत्रकार बसलेत," क्लिफर्ड हळूच म्हणाला, आणि मग मोठ्यानं गरजला, "पूल आमचा नाही!" पलीकडे टाळ्या पडल्या.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. नाक मुठीत धरून एमेटनी पेनरोजला फोन केला. पेनरोज फारच गोड बोलला.

"अरे, लगेच गाडी पाठवली असती. पण मग पूल राज्याचा ठरेल. जाता जाता नव्या गव्हर्नरच्या गळ्यात हे लोढणं अडकवू? बरं दिसतं का ते? तू सावकाश ये, मी बसलोय."

"दोन्ही घरचा पाहुणा उपाशी," लोरेटा म्हणाली. "डिकीत फावडं आहे. काढ."

एमेट डूलिंग काळा सूट आणि चकचकीत बूट घालून बर्फात उतरले. त्यांनी आयुष्यात बर्फाचे आदेश काढले होते, बर्फ काढला नव्हता. पहिल्या चार फावड्यांतला अर्धा बर्फ वाऱ्यानं त्यांच्याच तोंडावर आणून टाकला.

"गुडघ्यातून वाका साहेब, कंबर धरेल!" ओटिस मागून ओरडला.

"ओढ्यात टाकू नका, दंड होतो!" ग्लेंडा पुढून ओरडली.

मदतीला मात्र दोघांपैकी एकानंही पाऊल टाकलं नाही. हाताला फोड आले, टाय घामानं भिजला, भाषण केव्हाच विसरलं. शेवटी गाडीपुरती वाट झाली तेव्हा एमेटना रडू यायचंच बाकी होतं, आणि खरं सांगायचं तर इतका अभिमान त्यांना निवडून आल्यावरही वाटला नव्हता.

लोरेटानं गाडी अशी हाणली की बाराच्या ठोक्याला एमेट पायऱ्यांवर होते. गुडघ्यापर्यंत चिखल आणि वर केलेल्या हातावर फोड, अशा थाटात शपथ झाली. लोकांनी तोंडभरून जयजयकार केला. पेनरोज हसतमुखानं पुढे आला.

"दुहेरी अभिनंदन, एमेट!"

"दुहेरी कसलं?"

"गव्हर्नर झालास आणि पुलाचा मालकही. तू बर्फ काढलास तेव्हा ना महापौर होतास, ना गव्हर्नर. साधा नागरिक. म्हणजे पूल तुझा, खाजगी! तुझ्या क्लिफर्डचं आणि माझं तासाभरापूर्वीच एकमत झालं. शहर आणि राज्य पहिल्यांदाच एका सुरात बोलले बघ. माझी शेवटची सही त्यावरच."

"मी आता गव्हर्नर आहे! रद्द करतो ते!"

"कर की. उद्या पेपरात येईल, गव्हर्नरनं पहिल्याच दिवशी स्वतःचा पूल सरकारच्या गळ्यात मारला."



संध्याकाळी जुन्या वॉर्डातल्या लोकांनी त्यांच्यासाठी जेवण ठेवलं होतं. बर्फ पुन्हा दणकून पडत होता आणि वळशाच्या रस्त्यावरचा ट्रक अजून हलला नव्हता. गव्हर्नरची गाडी ओढ्यापाशी आली, तर पुलावर पांढरी गादी आणि दोन्ही टोकांना गाड्यांची ही भली मोठी रांग. ओटिस आणि ग्लेंडा आपापल्या बर्फगाड्यांत पाय पसरून बसले होते.

"ओ पूलवाले!" रांगेतून कोणीतरी हाक मारली. "तुमच्या जागेतला बर्फ तुम्ही काढायचा, नियम आहे शहराचा! आम्ही किती वेळ थांबायचं?"

तो नियम कुणी केला होता, हे विचारायची एमेटची हिंमत झाली नाही. ते खाली उतरले आणि त्यांनी डिकी उघडली. लोरेटानं हीटर वाढवला आणि काच बोटभर खाली केली.

"एमेट, आता जरा रुंद काढ रे. समोरून बस येतेय."