अकरा रकाने आणि नानाजींचे रोडगे

टेबल आणि शेगडी मी निवडतो, असं मीच म्हणालो. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर आमच्या घरात या मुद्द्याची फार बारीक चौकशी झाली.

मी एका सरकारी कचेरीत भांडार शाखेचा मुख्य लिपिक आहे. गेल्या एकोणीस वर्षांत पंखे, कपाटं, पाण्याच्या टाक्या, केरसुण्या, एवढंच काय, झेंड्याची दोरीसुद्धा मी रीतसर तुलनात्मक तक्ता करून घेतली आहे. (दोरी अजून शाबूत आहे.) तेव्हा बाहेर नेण्याचं एक घडीचं टेबल आणि एक शेगडी घेणं मला काय जड जाणार होतं?

पण हे सामान कशासाठी, ते सांगितलं पाहिजे. ते नानाजींसाठी होतं.

नानाजी म्हणजे माझे सासरे. एप्रिलमध्ये माझ्या सासूबाई, सुभद्राबाई, गेल्या आणि माझी बायको हर्षा आपल्या वडिलांना गावाहून आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटवर घेऊन आली. नानाजींनी आम्हाला काहीही त्रास दिला नाही, आणि आम्हाला त्याचाच त्रास झाला. सकाळी उठून अंथरुणाची घडी करायचे, खिडकीपाशी बसायचे, जेवायला बोलावलं की यायचे. दीड पोळी, अर्धी वाटी वरण, की ताटावर हात आडवा. वांगं केलं तरी दीड, पुरण केलं तरी दीड. बासष्ट किलोचा माणूस डिसेंबरपर्यंत त्रेपन्नवर आला. डॉक्टर म्हणाले, आजार सापडत नाही, औषध कशावर देऊ, यांना पोटभर जेवायला लावा. हर्षा स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची. नळाचा आवाज रडण्यापेक्षा मोठा असतो असा तिचा समज आहे, आणि मी तो कधी मोडला नाही.

अशात एका संध्याकाळी खिडकीकडे तोंड ठेवूनच नानाजी म्हणाले, "शेतात बसून रोडगे खावंसे वाटून राहिले."

हर्षा हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली. आठ महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. तिने लगेच सांगितलं की आता करते, ओव्हनमध्ये छान होतात. नानाजींनी तिच्याकडे मायेने पाहिलं आणि म्हणाले, राहू दे वं. म्हणजे ते मागणं परत पेटीत ठेवायला निघाले होते. तेव्हा मी मोठ्याने म्हणालो की येत्या रविवारी शेतात जायचं.

अडचणी दोन होत्या. नानाजींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे जमिनीवर बसायचं नाही. आणि छातीत दमा, त्यामुळे धूर घ्यायचा नाही. रोडगे म्हणजे तर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे आणि मातीत मांडी घालून खायचे. जमीन आणि धूर काढून टाकले तर रोडग्यांत उरतं काय, असं हर्षाने विचारलं. मी म्हणालो, उरतात रोडगे. आमची मुलगी चिन्मयी कॉलेजात आहे. तिने मोबाइलवर दाखवलं की कॅम्पिंगवाल्यांसाठी घडीची टेबलं आणि कोळशाच्या बिनधुराच्या शेगड्या मिळतात. ती तिथेच बटण दाबणार होती. मी तिचा हात धरला. वस्तू पाहिल्याशिवाय खरेदी, हे आमच्या शाखेत बसत नाही.

धरमपेठेत अशा सामानाचं एक दुकान आहे. त्याचे मालक भैयाजी फार सोशिक गृहस्थ निघाले. मी तिथे लागोपाठ चार संध्याकाळी गेलो. टेबलं सात प्रकारची होती. एक सुटकेससारखं मिटणारं, एक चटईसारखं गुंडाळायचं, एकाला ग्लास ठेवायला भोकं. शेगड्या पाच. एक हिंगाच्या डबीएवढी, एक पिंपासारखी आडवी, झाकणात तापमापी बसवलेली. भैयाजी प्रत्येक टेबल काउंटरवर मांडून दाखवायचे आणि मी मोजून लिहून घ्यायचो. घडी उघडायला किती सेकंद लागतात, पाय किती, गंज चढतो का, वरण सांडलं तर डाग राहतो का, वजन किती पेलतं. तिसऱ्या दिवशी भैयाजींनी विचारलं, "साहेब, तुमी टेबल घेऊन राहिले का टेबलाची परीक्षा?" मी म्हणालो, एकच गोष्ट आहे.

घरी बसून अकरा रकान्यांचा तक्ता केला. हर्षा म्हणाली, तुम्ही काहून एवढं करून राहिले, चार पाय आणि एक फळी तर पाहिजे. खरं सांगायचं तर मला तेवढंच येतं. दुःखातल्या माणसाशी काय बोलायचं हे मला कधी कळलं नाही. बावीस वर्षं नानाजी मला 'जवाईबापू, तुमी' म्हणत आले आणि मी 'हो जी' म्हणत आलो. यापलीकडे आमचं बोलणं गेलेलं नव्हतं. त्यांना मी समजावू शकत नव्हतो, पण त्यांच्यासाठी टेबल निवडू शकत होतो.

शेवटी करड्या रंगाचं, चौसष्ट टक्के... असो. टक्के सांगत बसत नाही. एक टेबल आणि पिंपासारखी, कमरेएवढ्या उंच पायांची शेगडी घेतली.

रविवारी आम्ही चौघं उमरेड रोडने शेतावर पोचलो. नानाजींचं शेत आता बायजाबाई पाहतात. सुभद्राबाईंच्या बरोबरीच्या, अजून ताठ. तूर शेंगांनी लवली होती. नानाजी गाडीच्या पुढच्या सीटवरूनच सगळं पाहत होते. मी डिकीतून टेबल काढलं, चौदा सेकंदांत उघडलं (तक्त्यात पंधरा होते) आणि बाजूला सरकलो.

टेबल माझ्या गुडघ्याला लागत होतं.

आधी वाटलं पाय पूर्ण उघडले नसतील. मी वाकून चारही पाय ओढून पाहिले. मग चिन्मयीने तक्ता मागितला. तो माझ्या खिशातच होता. तिने अकराही रकाने वाचले आणि विचारलं, बाबा, यात उंची कुठे आहे?

उंची नव्हती. एकोणीस वर्षांत मी तीनशेच्या वर टेबलं घेतली असतील आणि एकदाही उंचीचा रकाना केला नव्हता, कारण कचेरीतलं टेबल कचेरीतल्या टेबलाएवढंच उंच असतं. आणि भैयाजींच्या दुकानात ते काउंटरवर मांडलेलं होतं, तेव्हा मला छातीएवढं दिसायचं.

हर्षाने एवढंच विचारलं, "आणि खुर्ची?"

आता हे कसं समजावून सांगावं? आमच्याकडे टेबलाची फाइल वेगळी आणि खुर्चीची वेगळी. टेबलाच्या फायलीत काम करताना मला खुर्ची आठवत नाही. खुर्ची मी आणलीच नव्हती. बायजाबाईंच्या झोपडीत एक पाट होता, तो नानाजींच्या कामाचा नव्हता. हर्षाने वडिलांच्या पाठीशी उशी सरकवली आणि त्यांना म्हणाली, बाबा, गाडीतच आरामात बसा, तिथेच वाढते.

राहिली शेगडी. मी कोळसा भरला. तो पेटेना. कागद घातला, तुराट्या घातल्या, बायजाबाईंच्या दिव्यातलं रॉकेल घातलं, आणि मग जो धूर निघाला तो सरळ गाडीत शिरला. हर्षा धावत गेली आणि काचा वर केल्या. काचेआड नानाजी खोकत होते आणि मी पुठ्ठ्याने वारा घालून आणखी धूर त्यांच्याकडे पाठवत होतो. बिनधुराची शेगडी. चौथा रकाना.

कोळसा एकदाचा फुलला. हर्षाने तुपाचे थर देऊन केलेले गोळे मी जाळीवर मांडले आणि झाकण लावलं. तापमापीचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. वीस मिनिटांनी काढले तेव्हा बाहेरून काळेकुट्ट. हर्षाने त्यातला बरा पाहून खरवडला, ताटलीत वांग्याच्या भाजीशेजारी ठेवला आणि गाडीत नेऊन दिला. मी मागे उभा होतो.

नानाजींनी रोडगा फोडला. आत पांढरी कच्ची कणीक होती. त्यांनी ते दोन्ही अर्धे हळूच पुन्हा जुळवले, कोणाला दिसू नये असे, आणि ताटली हर्षाकडे दिली.

"भूक नाही मले," ते म्हणाले. "घरी जाऊ."

हर्षाचं तोंड मला बघवेना. शेतात नळ नव्हता, ती तशीच ताटली घेऊन उभी राहिली. मी परत शेगडीपाशी गेलो. दुसरं काय करणार होतो? उरलेले गोळे काढले, जाळीवर ठेवायला लागलो. हात भाजला, एक गोळा मातीत पडला, तो उचलून पुसायला लागलो. (पुसताना माती त्यात जास्त छान बसते.) मागे गाडीचं दार वाजलं ते मला कळलंही नाही.

"सरक गा," मागून आवाज आला. "सारी कणीक जाळशील. सरक तिकडं."

नानाजी काठी टेकत माझ्या मागे उभे होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते मला 'तुमी' सोडून 'गा' म्हणाले होते. हर्षा घाबरून माझ्याकडे पाहायला लागली, नवऱ्याचा अपमान झाला म्हणून. अपमान कसला? आठ महिन्यांत त्या माणसाला कशाचाच राग आला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की मी डोळ्यांत धूर गेल्याचं सांगून तोंड फिरवलं. धूर तोवर संपला होता.

नानाजींनी काठीने जमिनीवर एक गोल काढला. बायजा, गोवऱ्या आहेत का वं, विचारलं. आहेत जी, म्हणून बायजाबाईंनी टोपलं आणून ओतलंसुद्धा. त्यांनी ते सकाळपासून काढून ठेवलं होतं, माझं सामान पाहून गप्प बसल्या होत्या. हर्षा धुराचं बोलायला गेली, तर नानाजी म्हणाले, वारा उत्तरेकडून येऊन राहिला, मले उत्तरेले बसव, धूर तिकडं जाईल. मी शेगडी बरोबर उत्तरेला आणि गाडी दक्षिणेला उभी केली होती. दिशेचा रकानाही नव्हता.

प्रश्न होता बसवायचं कशावर. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी एकदमच त्या टेबलाकडे पाहिलं. मी तक्ता काढला. सातवा रकाना, वजन पेलण्याची क्षमता, साठ किलो. नानाजी त्रेपन्न. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मला जाणवलं की एप्रिलमधले नानाजी या टेबलावर बसू शकले नसते. हर्षालाही ते जाणवलं असावं. तिने टेबल उचललं, उत्तरेला मांडलं आणि वडिलांचा हात धरला. ते टेकले. उंची खुर्चीएवढी, ना गुडघ्यांना ताण ना काही.

गोवऱ्यांचा जगरा पेटला. पुढचा दीड तास नानाजी टेबलावर बसून हुकूम सोडत होते आणि आम्ही चौघं धावत होतो. आर पडू द्या, निखारे होऊ द्या, घाई करू नका. आता ठेवा. राख लोटा. उलटवा. जवाईबापूंच्या हाती काही देऊ नका. धूर खाली तुरीत चालला होता. रोडगे राखेतून निघाले ते खमंग तांबूस, फडक्याने पुसताना टणटण वाजणारे.

आता ताट ठेवायला टेबल नाही, त्यावर नानाजी. चिन्मयीने शेगडी ओढत आणली. कोळसा मी केव्हाच ओतून टाकला होता. तिने झाकण काढलं, गार झालेली जाळी पुसली आणि नानाजींच्या पुढ्यात ताट मांडलं. बरोबर हाताशी आलं.

नानाजींनी रोडगा कुस्करला, तूप घातलं, पहिला घास घेतला. आम्ही कोणी जेवत नव्हतो. दुसरा रोडगा घेतला. तिसरा घेतला तेव्हा हर्षाने माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होता. चौथ्याला ते थांबले आणि वाटीकडे पाहत म्हणाले, "सुभद्रा तूप जास्त घालत होती. आण वं आणखी."

एप्रिलपासून त्यांनी ते नाव घेतलं नव्हतं. हर्षाने वाटी उपडी केली आणि मग तिथेच, वडिलांच्या पायाशी मातीत बसून, ती उघड रडली. नानाजींनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि उजव्या हाताने जेवत राहिले. मीही मातीतच बसून जेवलो. माझ्या वाट्याला शेगडीवरचे आले.

ऊन उतरताना निघालो. नानाजी पुढे माझ्या शेजारी. गाडीला गोवऱ्यांचा आणि तुपाचा वास येत होता.

"जवाईबापू," ते म्हणाले. आम्ही पुन्हा तुमी-आम्हीवर आलो होतो.

"हो जी."

"खुर्ची चांगली घेतली तुमी. मजबूत आहे. उंचीबी बरोबर."

मी मान हलवली.

"टेबलही चांगलं आहे. जाळीचं आहे, वारा लागते जेवताना." त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. चेहरा गंभीर होता, अगदी शोकसभेत शोभेल असा. "फक्त भाजाले काही आणलं नाही तुमी. पुढच्या रविवारी येऊ, तव्हा एखादी शेगडी पाहून ठेवा."