सामायिक लिपिकाची मधली सुट्टी

मनुष्य नश्वर आहे. पद चिरंतन आहे. मनुष्य आजारी पडतो, रुसतो, निवृत्त होतो आणि अखेर तसबिरीत जातो. पद मात्र रिक्त असतानाही आपल्या जागी अढळ असते. किंबहुना रिक्त असतानाच त्याच्या हातून सर्वांत कमी चुका होतात. या गहन सत्याचा ज्या नगरपालिकेला पूर्ण साक्षात्कार झाला होता, तिच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत अर्धेराव बसत असत.

अर्धेराव हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. ते पदाने दिले आणि शिपायाने रूढ केले. त्याचे असे झाले. पाणीपुरवठा विभागाने एक लिपिक मागितला. ही वार्ता कानी पडताच रस्ते विभागानेही एक मागितला (निकड अशी नव्हती, परंतु शेजारच्या विभागाकडे आलेली वस्तू आपल्याकडे नसणे प्रतिष्ठेला शोभत नाही). मंजुरी एकाच पदाला होती. तेव्हा समिती नेमली गेली, आणि एकच लिपिक उभय विभागांत समसमान वाटून द्यावा, असा दूरदर्शी ठराव तिने केला.

वाटणी कशी करावी यावर मात्र बराच खल झाला. एका सदस्याला उभी वाटणी पसंत होती, म्हणजे उजवा हात एका विभागास आणि डावा दुसऱ्यास. दुसऱ्या सदस्याने आडवी वाटणी सुचवली. ती डोक्यापाशी अडली, कारण डोके स्वीकारण्यास दोन्ही विभागांनी लेखी नकार दिला. शेवटी काळाची वाटणी सर्वमान्य झाली. पूर्वाह्णी लिपिक पाणीपुरवठ्याचा, अपराह्णी रस्त्यांचा. एका विभागाची गोपनीय माहिती दुसऱ्यास कळू नये, यासाठी एक नियमही जोडण्यात आला: लिपिकास सकाळी जे ज्ञात झाले, ते दुपारी त्यास ज्ञात नसावे.

अर्धेरावांनी हा नियम व्रतासारखा पाळला. खोलीत टेबल एकच, त्याची एक बाजू भिंतीला टेकलेली. समोरासमोर दोन खुर्च्या. खिडकीकडची पाणीपुरवठ्याची, दाराकडची रस्त्यांची. शिक्के दोन, लेखण्या दोन, आवाजही दोन. सकाळचा आवाज मऊ आणि किंचित ओलसर असे, दुपारचा खडबडीत. सकाळी ते लिहीत, "महोदय, जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी रस्ता खोदण्याची अनुज्ञा मिळावी, ही विनंती." पत्र लखोट्यात घालून, लखोटा चिकटवून ते जावक तबकात ठेवीत. मग ते शिपायाकडे एक दिवस मुक्कामाला राही (पत्र त्याच दिवशी पोहोचले तर कामात उतावळेपणा दिसतो). दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धेराव टेबलाला वळसा घालून पलीकडे बसत, लखोटा फोडत, मजकूर वाचून चकित होत आणि उत्तर लिहीत, "रस्ता नुकताच गुळगुळीत करण्यात आला आहे. सबब अनुज्ञा देता येत नाही."

हे उत्तर त्यानंतरच्या सकाळी त्यांच्या हाती पडे, तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटे. रस्त्यांच्या लिपिकाविषयी त्यांचे मत दिवसेंदिवस बिघडत चालले होते. एकदा तर त्यांनी त्याच्या उर्मट भाषेबद्दल वरिष्ठांकडे तक्रार केली. आणि पाणीपुरवठ्याच्या लिपिकाचा स्वभाव रडका असल्याचा खुलासा त्यांनीच दुपारी सादर केला. प्रशासन संतुष्ट होते. वार्षिक अहवालात नमूद होते की, आंतरविभागीय पत्रव्यवहार चौपट वाढला असून तो एका टेबलाच्या रुंदीत पार पडतो.

अशा या सुरळीत कारभारात पाणी शिरले, म्हणजे खरे तर यायचे बंद झाले. अर्धेरावांच्याच गल्लीत जलवाहिनी फुटली. पाणी रस्त्याखाली कोठेतरी स्वतंत्रपणे वाहू लागले आणि घरोघरचे नळ नुसते सुस्कारे टाकू लागले. अर्धेरावांच्या अर्धांगिनी (अर्ध्याचे अर्ध म्हणजे पाव, असा हिशेब लेखा विभागाने मांडला होता, तो बाईंच्या कानावर घालण्यास कोणी धजावले नाही) पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींकडून पाणी आणू लागल्या. आरंभी वहिनी बादली देत. पुढे बादलीबरोबर उपदेश देऊ लागल्या. "तुमचे हे पाणीखात्यातच आहेत ना?" हा प्रश्न त्या बादली पुरती भरेपर्यंत विचारीत, आणि बादली मोठी होती. घरी अर्धेरावांच्या मातोश्री पलंगावरून विचारीत, "अरे, पाणीखातं तुझं, रस्ता तुझा, मग पाणी कुणाचं अडलंय?" यावर अर्धेराव, हे प्रकरण विचाराधीन आहे, असे नम्रपणे सांगत.

एके रात्री जेवताना बाईंनी निर्वाणीचे सांगितले. शनिवारपर्यंत नळाला पाणी आले नाही, तर त्या सासूबाईंना घेऊन आपल्या भावाकडे जाणार. तेथे दुसऱ्या मजल्यावरही पाणी चढते. सासूबाईंनी आपली पिशवी भरूनच ठेवली होती. आई आणि पत्नी एकाच पिशवीवर एकमत होतात, तेव्हा पुरुषाने समजून घ्यावे. अर्धेराव समजले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पण जागे कोणत्या विभागाने राहावे, हेही त्यांना ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः कार्यालयात आल्या. अर्धेराव खिडकीकडे बसले होते. त्यांनी मान वर करून मृदू स्वरात विचारले, "बाई, आपलं काम?"

"अहो, मी आहे."

"आपली तक्रार अगदी रास्त आहे. आमचा विभाग रोज परवानगी मागतोय. अडवणूक रस्तेवाल्यांकडून आहे. माणूस फार ताठ आहे तो."

"कधी भेटेल?"

"दुपारी. जरा सांभाळून बोला त्याच्याशी."

बाई जिन्यात बसून राहिल्या. दुपारी पुन्हा आत गेल्या. अर्धेराव दाराकडच्या खुर्चीवर होते आणि त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"सकाळचे ते म्हणाले, तुम्ही अडवताय."

"त्यांचं काय जातं बोलायला? रस्ता आमचा फुटतो." मग किंचित थांबून, दाराकडे पाहत, त्यांनी हळूच विचारले, "आईनं पिशवी उघडली का गं परत?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. अर्धेरावांनी तत्काळ आठ्या पूर्ववत केल्या. परंतु त्या क्षणी बाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली, जी समितीच्या कोणत्याही बैठकीत आली नव्हती. सकाळ आणि दुपार यांच्या मध्ये काही वेळ असतो.

शुक्रवारी घंटा झाली. अर्धेराव खिडकीकडच्या खुर्चीवरून उठले. मधल्या सुट्टीत कोणत्या विभागाच्या खुर्चीवर बसून डबा खावा, याबाबत आदेश नसल्याने ते रोज टेबलाच्या मोकळ्या बाजूस उभ्याने जेवत. आज तेथे बाई डबा घेऊन उभ्या होत्या. डबा त्यांनी हातातच धरला होता.

"आत्ता कोण आहात?"

अर्धेरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "कोणीच नाही," ते म्हणाले.

"मग लिहा. रस्ता खोदा. नळ जोडा. खड्डा बुजवा. खाली सही करा आणि जेवायला घ्या."

अर्धेरावांनी लिहिले. संदर्भ नाही, विषय नाही, शिक्का नाही. सहीपाशी त्यांचा हात सवयीने शिक्क्याकडे वळला. पण डब्याचे झाकण किंचित उघडे होते.

ते पत्र बाईंनी नगरपालिकेच्या मजुरांच्या मुकादमाच्या हाती दिले. मुकादमाने ते उलटसुलट पाहिले. 'तथापि', 'सबब' आणि 'यथावकाश' यांपैकी एकही शब्द नसलेले पत्र त्याने सेवेत प्रथमच पाहिले होते. हा फार वरून आलेला हुकूम असणार, असे जाणून त्याने त्याच दुपारी रस्ता खोदला, वाहिनी जोडली आणि (येथे वाचकांनी मन घट्ट करावे) खड्डा बुजवला. शनिवारी पहाटे नळ खोकला, गुरगुरला आणि वाहू लागला. मातोश्रींनी पिशवी उघडून लुगडी पुन्हा जागेवर ठेवली. वहिनींना आपली बादली धुऊन परत मिळाली.

सोमवारी हाहाकार झाला. काम झाले होते, आणि कोणत्याही विभागाने ते केलेले नव्हते. चौकशी समिती बसली. पाणीपुरवठा विभागाने शपथेवर सांगितले की, त्या वेळी लिपिक आमच्याकडे नव्हता. रस्ते विभाग म्हणाला, आमच्याकडे अजून यायचा होता. अर्धेरावांना शिक्षा करावी, तर गुन्हा घडताना ते कोणीच नव्हते. आणि कोणीच नसलेल्या माणसाची वेतनवाढ रोखण्याची तरतूद नियमावलीत सापडेना. समितीने अखेर मूळ रोगावर बोट ठेवले. मधली सुट्टी ही कारभारातील एक उघडी फट असून तिच्यातून कामे होऊ शकतात. ही फट बुजवण्यासाठी 'मध्यान्ह विश्रांती विभाग' हा नवा विभाग स्थापन करण्यात आला. उद्दिष्ट एकच: सुट्टीत काही घडू न देणे. त्यास एक अधिकारी, एक शिपाई आणि काटकसर म्हणून एक सामायिक लिपिक मंजूर झाला.

तेव्हापासून, वाटण्या तीन झाल्याने, अर्धेरावांना तिऱ्हेराव म्हणावे की काय, याचा शिपाई विचार करतो आहे. टेबलाच्या मोकळ्या बाजूस त्यांच्यासाठी स्टूल आले. चौथी बाजू भिंतीला टेकलेली आहे. ती नागरिकांसाठी राखीव आहे. डबा ते आता संध्याकाळी घरी जाऊन खातात. हात धुवायला पाणी असते, एवढे समाधान त्यांना पुरते.

नव्या विभागाची बातमी फुटताच शहर खवळले. एका सकाळी खिडकीकडच्या खुर्चीसमोर एक निवेदन येऊन पडले: जनतेच्या पैशावर असली निरर्थक पदे निर्माण करू नयेत. भाषा जळजळीत होती, अक्षर वळणदार होते, आणि सुज्ञ वाचकहो, पहिली सही आपली होती. अर्धेरावांनी ते आदराने दाखल करून घेतले. त्याच दिवशी दुपारी, दाराकडच्या खुर्चीसमोर, नव्या विभागाच्या अधिकारीपदासाठी अर्ज आला (सुट्टीत काही घडू द्यायचे नसल्याने स्टुलासमोर अर्ज येऊ शकत नाहीत). आपला भाचा होतकरू आहे, शांत आहे, त्याच्या हातून आजवर काही घडलेले नाही, तरी त्याचा विचार व्हावा. अक्षर तेच, वळणदार.

अर्धेरावांनी ते अक्षर ओळखले नाही. सकाळी ज्ञात झालेले दुपारी ज्ञात नसावे, हा नियम अद्याप लागू आहे. आपण निर्धास्त असावे.