परबांचा वाटा

आमचे शेजारी परब दर रविवारी शिकारीला जायचे. एकदा तर खांद्यावर गाडीचा दरवाजा टाकून लिफ्टमधून वर आले. या देशात शिकारीला बंदी आहे, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "बंदी बंदुकीक आसा, डोळ्यांक नाय," असं त्यांचं म्हणणं.

परब कुडाळकडचे. शारजाच्या अल नहदात आमच्याच मजल्यावर चौघांच्या खोलीत त्यांचा एक पलंग होता. कामाला क्रेनवर. आठवडाभर उंचावरून त्यांना लांबचं वाळवंट दिसायचं आणि रविवारी सकाळी मला दारात परब दिसायचे. "यल्ला सायबानू, गाडी काढा." गाडी माझी, पेट्रोल माझं, शिकार त्यांची.

अल ऐनच्या वाटेवर आत वळलं की ते उतरून वाळूवरची पावलं वाचायला लागत. "हय उंट बसलो होतो. हय कोणीतरी बायलेवर चिडान फोन आपटल्यान." आणि खरंच, पुढे फुटका फोन पडलेला असायचा. कधी ससाण्याच्या डोळ्यांवर घालतात ती चामड्याची टोपी मिळाली, कधी कुकरचं झाकण. एकदा तर टेकाडाच्या माथ्यावर एकटीच प्लास्टिकची खुर्ची, जणू कोणी नुकतंच चहाला उठून गेलंय.

खरा वैताग घरी आल्यावर. परबांच्या वाडीत डुक्कर मारला की घराघरात वाटा जातो. जो शिकारीला आला नाही त्यालाही, आणि जो मुंबईला गेलाय त्याच्याही नावाने. हा कायदा परबांनी आमच्या मजल्याला लावला. एकदा वाळूत क्रिकेटचं किट सापडलं. एक पॅड मल्याळी नर्सला, दुसरं पाकिस्तानी टॅक्सीवाल्याला, ग्लव्ह्ज हैदराबादी खालांना आणि आम्हाला एक स्टंप. खेळायची सोय कोणाचीच झाली नाही. "अंकल, दिस इज ट्रॅश," आमची लेक म्हणाली. "ट्रॅश नाय बाय, वाटो," परब म्हणाले.

मग वय झालं म्हणून कंपनीने त्यांना खलास केलं, म्हणजे नोकरी संपवून गावचं तिकीट हातात दिलं. गावचं घर बंद. बायको गेली तेव्हा हे इथेच होते, आणि मूलबाळ नाही. परबांना मात्र चिंता वेगळीच. शेवटची शिकार रिकामी जाता कामा नये.

त्या रविवारी वाळू नुसती झाडून ठेवल्यासारखी. परब हिंडहिंड हिंडले. त्यांचा उतरलेला चेहरा मला बघवेना. ते टेकाडाआड गेले तसा मी डिकीतून आमचा स्टंप काढला (बायकोने आदल्या दिवशीच ठेवला होता, ती माझ्यापेक्षा हुशार), लगबगीने वाळूत अर्धा पुरला आणि गाडीत येऊन बसलो.

परब आले. स्टंप पाहिला. मग खाली पाहिलं. गाडीपासून स्टंपपर्यंत आणि परत, माझ्या चपलांचे ठसे लख्ख उमटले होते. जन्मभर पावलं वाचणाऱ्या माणसाला मी फसवायला निघालो होतो.

"काय जनावर म्हणूचा ह्या," ते गंभीरपणे म्हणाले, "उजवो पाय फेंगडो टाकता." आणि पायाने एकेक ठसा पुसत गाडीपर्यंत आले.

घरी त्यांनी स्टंप आमच्याच हातात दिला. दारातून हलेनात. "सायबानू, मी आता ह्या वाडीत नसतलंय. माझो वाटो काढशात मां?"

  लेक म्हणाली, "ऑफकोर्स, अंकल. बट हाउ विल वी सेंड इट?"

"धाडू नको गो बाय," परब म्हणाले. "काढून ठेव फक्त."

चपलांच्या रॅकशेजारी तो स्टंप अजून उभा आहे. गेल्या हिवाळ्यात लेकीला वाळूत एक वाकडा चमचा सापडला, तो तिने त्याच्याजवळच ठेवलाय. त्याला आम्ही कोणी हात लावत नाही.